‘अँड जस्टिस फॉर ऑल’ : हरपलेला खर्ज आणि पाठनिश्चितीचा प्रश्न

एखाद्या कलाकृतीचे एक अंग तिच्या कर्त्यांनीच झाकून टाकले असेल, तर ते उघडे करून दाखविण्याचा अधिकार रसिकाला पोचतो काय? ग्रंथांच्या संदर्भात हा प्रश्न आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. ध्वनिमुद्रित संगीताच्या संदर्भातही तो तितक्याच निकडीने उभा राहतो, ही जाणीव मात्र आपल्याकडील समीक्षेत क्वचितच आढळते. मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल वाद्यवृंदाचा ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ हा १९८८ साली प्रसिद्ध झालेला अल्बम या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. या अल्बममध्ये बेस गिटार वाजविलेली आहे, वादकाचे नावही श्रेयनामावलीत आहे. परंतु ऐकताना ती जवळजवळ कोठेच ऐकू येत नाही. ही उणीव कशी निर्माण झाली, रसिकांनी तिचा स्वीकार कसा केला, आणि ती दूर करण्याचे जे प्रयत्न झाले त्यांना समीक्षेने कोणते स्थान द्यावे, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हेवी मेटल हा संगीतप्रकार ज्यांच्या कानांवरून फारसा गेलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. या संगीताचा पाया म्हणजे विद्युत्-गिटारीवर वाजणारी छोटी, आघातयुक्त आणि पुनरावृत्त होणारी स्वराकृती. तिला ‘रिफ’ म्हणतात. तालाचा भार ड्रमवर असतो आणि या दोहोंना जोडणारे, खालून आधार देणारे वाद्य म्हणजे बेस गिटार. गिटारीची सर्वांत खालची तार सुमारे ८२ हर्ट्झ कंपनसंख्येवर वाजते. बेस गिटारीची तशीच तार तिच्या एक सप्तक खाली, सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते. तंबोऱ्यातील खर्जाची तार सैल सोडली तर गवयाचा सूर जसा अधांतरी होतो, तशीच काहीशी अवस्था बेसच्या अभावी या संगीताची होते.

१

या अल्बमची जडणघडण समजून घ्यावयाची तर दोन वर्षे मागे जावे लागते. २७ सप्टेंबर १९८६ रोजी स्वीडनमध्ये दौऱ्यावर असताना वाद्यवृंदाची बस उलटली आणि बेसवादक क्लिफ बर्टन वयाच्या चोविसाव्या वर्षी मृत्युमुखी पडले. बर्टन हे केवळ साथीदार नव्हते. १९८३ च्या पहिल्याच अल्बममध्ये त्यांचे स्वतंत्र बेसवादन आहे आणि १९८६ च्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’मधील ‘ओरायन’ या गायनरहित रचनेत बेस हे गीताचा भार वाहणारे वाद्य बनले आहे. अशा वादकाची जागा त्याच वर्षी ऑक्टोबरात जेसन न्यूस्टेड यांनी घेतली. नव्या सदस्याला इतरांनी मोकळेपणाने सामावून घेतले नाही, त्याची थट्टा आणि उपेक्षा केली, हे पुढे खुद्द वाद्यवृंदातील मंडळींनीच मान्य केले आहे.

तथापि, या ठिकाणी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. १९८७ साली याच चौघांनी इतरांच्या रचनांचे एक छोटे ध्वनिमुद्रण घाईने उरकून प्रसिद्ध केले होते. त्यात न्यूस्टेड यांची बेस ठसठशीतपणे ऐकू येते. म्हणजे वादकाच्या ठायी काही न्यून होते किंवा त्याच्या येण्याबरोबरच बेसला बंदी झाली, असे म्हणण्यास आधार नाही. जे घडले ते १९८८ च्या कामाच्या विशिष्ट पद्धतीत घडले.

ध्वनिमुद्रण १९८८ च्या पहिल्या काही महिन्यांत लॉस एंजेलिस येथील ‘वन ऑन वन’ या स्टुडिओत झाले. प्रारंभी माइक क्लिंक यांच्याकडे निर्मात्याचे काम सोपविण्यात आले होते. ते जुळले नाही, तेव्हा आधीचे दोन अल्बम कोपनहेगन येथे ज्यांच्याबरोबर केले होते त्या फ्लेमिंग रासमुसेन यांना पाचारण करण्यात आले. गायक व गिटारवादक जेम्स हेटफिल्ड आणि ड्रमवादक लार्स अल्रिक या दोघांनी रचनेपासून ध्वनीच्या पोतापर्यंत सर्व सूत्रे आपल्या हाती ठेवली होती. हेटफिल्ड यांनी तालाच्या गिटारी एकावर एक थर देऊन वाजविल्या; अल्रिक यांचे ड्रमवादन टेपचे तुकडे कापून आणि जोडून काटेकोर करण्यात आले. न्यूस्टेड यांनी मात्र आपला भाग निर्मात्याच्या अनुपस्थितीत, साहाय्यक ध्वनितंत्रज्ञ टोबी राइट यांच्या सोबतीने थोड्याच अवधीत वाजवून दिला. आपण हेटफिल्ड यांच्या गिटारीच्या पावलावर पाऊल ठेवून वाजवीत गेलो, असे त्यांनीच नंतर सांगितले आहे.

शेवटची आणि निर्णायक पायरी म्हणजे ध्वनिमिश्रण. वेगवेगळ्या मुद्रित पट्ट्यांचे परस्पर प्रमाण या पायरीवर ठरते. हे काम न्यूयॉर्क राज्यातील बेअर्सव्हिल स्टुडिओत स्टीव्ह थॉम्प्सन आणि मायकेल बार्बिएरो या दोघांनी केले. त्याच सुमारास वाद्यवृंद ‘मॉन्स्टर्स ऑफ रॉक’ या मोठ्या दौऱ्यावर होता. हेटफिल्ड आणि अल्रिक कार्यक्रम आटोपून स्टुडिओत येत आणि पुन्हा दौऱ्यावर परतत. रासमुसेन या अवस्थेत उपस्थित नव्हते.

२

बेस नाहीशी होण्याच्या कारणांसंबंधी तीन साक्षी उपलब्ध आहेत, आणि त्या परस्परांशी पूर्णतः जुळत नाहीत. थॉम्प्सन यांच्या कथनानुसार, बेस जेमतेम ऐकू येईल इतकी खाली आणा आणि नंतर आणखी खाली न्या, असा आदेश अल्रिक यांनी दिला. हेटफिल्ड यांचे म्हणणे असे की, दौऱ्यातील प्रचंड आवाजाने कान बधिर झाले होते, त्यामुळे वरचे, तीव्र स्वरच अधिकाधिक हवेसे वाटत गेले. न्यूस्टेड यांनी प्रारंभीचा संताप लपविलेला नाही. परंतु पुढे त्यांनी एक तांत्रिक कारणही पुढे केले. बेस आणि तालाची गिटार एकाच स्वराकृतीवर, एकाच लयीत आणि ध्वनीच्या एकाच पट्ट्यात झगडत होत्या आणि त्या झगड्यात गिटार जिंकली.

इतिहासाच्या अभ्यासकाला असा प्रसंग नवा नाही. तीन साक्षीदार तीन पातळ्यांवर बोलत आहेत : पहिला आज्ञेविषयी, दुसरा शरीराविषयी, तिसरा रचनेविषयी. यांपैकी एकाला खरे आणि इतरांना खोटे ठरविण्याची गरज नाही. माझ्या मते रचनेचे कारण सर्वांत मूलगामी आहे. या अल्बममधील गिटारीचा ध्वनी मुद्दाम मधल्या स्वरांना खोल खोदून आणि खालच्या स्वरांना फुगवून घडविलेला आहे. तार तळहाताने दाबून वाजविल्यावर जो ठोस ‘धप्’ असा नाद निघतो, त्याने बेसचा वरचा प्रदेश व्यापून टाकला. पायाने वाजणाऱ्या ड्रमचा आवाज टोकदार, खटका दाबल्यासारखा ठेवला. त्याने बेसचे तालाचे काम स्वतःकडे घेतले. गिटार, ड्रम आणि बेस ही तिन्ही एकच ओळ म्हणत असताना तिसऱ्याला स्वतःची अशी जागा उरली नाही. आज्ञा झाली असेल ती या आधीच अरुंद झालेल्या जागेवर शेवटचे दार लावण्यापुरती.

मात्र कारण सापडले म्हणजे जबाबदारी संपली असे होत नाही. ज्यांनी त्या पट्ट्या ऐकल्या त्या रासमुसेन यांनी न्यूस्टेड यांच्या वादनाची मुक्तकंठाने प्रशंसा केली आहे. एका समर्थ वादकाचे चांगले काम जगापुढे आले नाही, आणि ते न येण्याचा निर्णय त्याच्या पाठीमागे झाला. हा अन्याय होता, आणि त्याला दुसरे सौम्य नाव देण्याचे कारण नाही.

३

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. अल्बममध्ये नऊ रचना आहेत आणि त्यांचा एकूण अवधी सुमारे पासष्ट मिनिटांचा आहे; त्यामुळे जुन्या पद्धतीच्या तबकडीवर तो दोन भागांत काढावा लागला. शीर्षक अमेरिकन राष्ट्रनिष्ठेच्या शपथेतील अखेरच्या शब्दांवरून घेतलेले आहे. मुखपृष्ठावर न्यायदेवतेचा दोरखंडांनी आवळलेला, कोसळण्याच्या बेतात असलेला पुतळा असून तिच्या तराजूच्या पारड्यांतून नोटा ओसंडत आहेत.

विषयांची एकसूत्रता लक्षणीय आहे. शीर्षकगीत पैशाला विकल्या गेलेल्या न्यायसंस्थेविषयी आहे. ‘आय ऑफ द बिहोल्डर’ हे उच्चारस्वातंत्र्याच्या अदृश्य मर्यादांविषयी, तर ‘द शॉर्टेस्ट स्ट्रॉ’ हे संशयावरून माणसांना काळ्या यादीत टाकण्याच्या प्रवृत्तीविषयी आहे. ‘डायर्स ईव्ह’मध्ये अतिरेकी संरक्षणाने गुदमरलेले मूल आईबापांना जाब विचारते. ‘वन’ ही सर्वांत प्रसिद्ध झालेली रचना डाल्टन ट्रम्बो यांच्या ‘जॉनी गॉट हिज गन’ या १९३९ च्या कादंबरीशी निगडित आहे. पहिल्या महायुद्धात हातपाय, डोळे, कान आणि तोंड गमावलेला, परंतु मनाने पूर्ण जागा असलेला सैनिक हा तिचा नायक. उशीवर डोके आपटून तो तारायंत्राच्या संकेतलिपीत बाहेरच्या जगाशी बोलू पाहतो. ट्रम्बो हे स्वतः हॉलिवुडच्या काळ्या यादीत गेलेले आणि १९५० साली तुरुंगवास भोगलेले लेखक होते, हे लक्षात घेतले म्हणजे या दोन गीतांमधील आंतरिक नाते स्पष्ट होते.

या सर्व रचनांच्या केंद्रस्थानी एकच मानवी परिस्थिती आहे : ज्याचा आवाज काढून घेतला गेला आहे असा माणूस. वाचा हिरावली जाणे हा या अल्बमचा खरा विषय आहे. न्याय हे त्याचे औपचारिक नाव होय.

संगीताच्या अंगाने पाहता मर्ढेकरांची परिभाषा येथे उपयोगी पडते. ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये त्यांनी संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची तीन तत्त्वे मानली आहेत. या अल्बममध्ये विरोध भरपूर आहे. परंतु तो एकामागून एक येणाऱ्या खंडांमधला आहे. विषम मात्रांची वळणे, अनपेक्षित थांबे, संथ भागातून एकदम द्रुतात झेप ही त्याची रूपे. एकाच क्षणी वाजणाऱ्या वाद्यांमध्ये मात्र संवादाचाच अतिरेक आहे. सर्वजण एकच आकृती, एकाच ठोक्यावर वाजवितात. वरचे आणि खालचे यांच्यात जो समतोल हवा तो मुळी साधलेलाच नाही. प्रतिध्वनीचा ओलावाही जवळजवळ काढून टाकल्यामुळे ध्वनी कोरडा, सपाट आणि खिडक्या नसलेल्या खोलीत कोंडल्यासारखा वाटतो.

ही उणीव सर्वत्र सारखीच जाणवत नाही, हे नमूद करावयास हवे. ‘वन’च्या उत्तरार्धात पायाचा ड्रम आणि गिटार एकत्र येऊन यंत्रबंदुकीच्या फैरीसारखा जो ठेका धरतात, तेथे खर्जाची आठवण होत नाही. उलट ध्वनीचा कोरडेपणा त्या इंद्रियहीन सैनिकाच्या अवस्थेला विलक्षण अनुरूप ठरतो. ‘ब्लॅकन्ड’ या पहिल्याच रचनेत गोष्ट निराळी आहे. तिच्या श्रेयात हेटफिल्ड आणि अल्रिक यांच्याबरोबर न्यूस्टेड यांचेही नाव आहे, आणि संपूर्ण अल्बममध्ये रचनाकार म्हणून त्यांचे नाव येथेच येते. ज्याची कल्पना स्वीकारली त्याचे वाद्य मात्र नाकारले, असा हा प्रकार आहे.

सर्वांत मोठी विसंगती ‘टू लिव्ह इज टू डाय’मध्ये आहे. ही प्रदीर्घ आणि बहुतांशी गायनरहित रचना बर्टन यांच्या मागे राहिलेल्या स्वरखंडांवर उभारली असून त्यांच्या संग्रहातील काही ओळी मध्ये केवळ उच्चारल्या जातात. दिवंगत बेसवादकाला वाहिलेली ही श्रद्धांजली, आणि तीतच बेस नाही! येथील संथ, जड स्वराकृतींना खालून आधार नसल्याचे पदोपदी जाणवते. काही रसिकांनी यावरून असा अर्थ काढला आहे की, संपूर्ण अल्बममधील खर्जाचा अभाव हा शोकाचाच आविष्कार होय; बर्टन यांची जागा रिकामी आहे हे त्यातून सांगावयाचे आहे. ही उपपत्ती मोहक आहे. परंतु तिला पुराव्याचा आधार नाही. कर्त्यांनी स्वतः कान, थकवा आणि अहंता यांविषयी सांगितले आहे. परिणामावरून हेतू सिद्ध करण्याचा मोह समीक्षकाने आवरला पाहिजे. ऐकणाऱ्याच्या मनात रिकामेपणाचा प्रत्यय येतो एवढे म्हणणे रास्त आहे. तो प्रत्यय द्यावयाचाच होता असे म्हणणे रास्त नाही.

४

स्वीकाराचा इतिहास थोडक्यात सांगता येण्यासारखा आहे. अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’ यादीत अल्बम सहाव्या क्रमांकापर्यंत चढला. नभोवाणीने ज्यांना फारसा थारा दिला नव्हता अशा वादकांच्या दृष्टीने हे मोठे यश होते, आणि पुढे अमेरिकेतील त्याची प्रमाणित विक्री ऐंशी लाखांवर गेली. ‘वन’साठी वाद्यवृंदाने प्रथमच चित्रफीत काढली आणि तीत ट्रम्बो यांनीच १९७१ साली दिग्दर्शित केलेल्या चित्रपटातील दृश्ये वापरली. १९८९ च्या फेब्रुवारीत ग्रॅमी पारितोषिकांमध्ये हार्ड रॉक व मेटल यांसाठी पहिल्यांदाच स्वतंत्र विभाग ठेवण्यात आला. मेटॅलिकाने त्या समारंभात ‘वन’ सादर केले. परंतु पारितोषिक मिळाले ते जेथ्रो टल या ब्रिटिश वाद्यवृंदाला, आणि सभागृहातून नापसंतीचे आवाज उठले. पुढच्या वर्षी मेटलसाठी वेगळा विभाग झाला आणि त्यात ‘वन’ला पारितोषिक मिळाले.

पारितोषिकाच्या गाजावाजापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की, या अल्बमचा ध्वनी स्वतः त्याच्या कर्त्यांनाही पुढे नेता आला नाही. लांबलचक शीर्षकगीत १९८९ नंतर २००७ पर्यंत त्यांनी रंगमंचावर वाजविले नाही. १९९१ च्या पुढील अल्बमसाठी बॉब रॉक या निर्मात्याला आणले. रचना आटोपशीर झाल्या, बेसला स्वतंत्र चाल आणि भरघोस जागा मिळाली. स्टुडिओ तोच, वादक तेच, आणि फळ मात्र सर्वस्वी भिन्न! आधीची उणीव अटळ नव्हती, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता हवा?

५

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ही उणीव भरून काढण्याचे काम श्रोत्यांनीच हाती घेतले. कोणी आपली बेस त्यावर वाजवून मुद्रित केली. कोणी संगीतावर आधारलेल्या खेळांसाठी सुट्या केलेल्या ध्वनिपट्ट्या मिळवून त्यांतील बेस वर उचलली. अशा पाठांना ‘अँड जस्टिस फॉर जेसन’ असे सूचक नावही मिळाले. २०१८ साली अल्बमची नवी संस्कारित आवृत्ती निघाली तेव्हा बेस वाढविली जाईल अशी अनेकांची अपेक्षा होती. वाद्यवृंदाने तसे केले नाही. जे झाले तो आपल्या इतिहासाचा भाग आहे, ही भूमिका त्याने घेतली.

मराठीच्या अभ्यासकाला येथे ज्ञानेश्वरीच्या पाठाचा इतिहास आठवल्यावाचून राहणार नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये अशुद्ध झालेली ज्ञानेश्वरी शुद्ध केली. पुढे १९०९ साली राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून वेगळी प्रत छापली, आणि प्रमाण पाठ कोणता हा वाद उभा राहिला. दोन प्रसंगांतील भेद मात्र महत्त्वाचा आहे. ज्ञानेश्वरीत दोष शिरले ते लेखकांच्या हातून, कर्त्याच्या पश्चात. संशोधकाचे कार्य कर्त्याच्या शब्दापर्यंत परत जाण्याचे होते. येथे दोष शिरला तो कर्त्यांच्याच हातून, प्रसिद्धीच्या पूर्वी. आणि तो काढण्यास त्यांचा नकार आहे. परत जाण्यासारखा निर्दोष मूळ पाठ येथे कधी अस्तित्वातच नव्हता. बेस असलेली पट्टी होती, बेस असलेला अल्बम नव्हता.

यावरून माझे मत असे की, १९८८ चा अल्बम हाच प्रमाण पाठ मानला पाहिजे, आणि श्रोत्यांनी सिद्ध केलेल्या पाठांना भाष्याचा दर्जा दिला पाहिजे. भाष्य हे हीन नव्हे. मुळात काय दडले आहे हे ते दाखविते. रचनेत बेसला खरोखरीच किती जागा होती हे त्यावरून ताडून पाहता येते. १९८९ च्या सिएटल येथील कार्यक्रमाचे जे मुद्रण १९९३ साली प्रसिद्ध झाले, त्यात याच रचना बेससह ऐकावयास मिळतात. तो तर अधिकृत दुवाच होय. परंतु भाष्याने मूळ ग्रंथाची जागा घेतली की एक विचित्र आपत्ती ओढवते. दुरुस्त पाठ ऐकून मोठी होणारी पिढी असे समजेल की, १९८८ साली चौघेही वादक समान मानाने उभे होते. ते खरे नाही. चौथ्याचा आवाज दाबला गेला होता, आणि त्याची एकमेव निःसंदिग्ध साक्ष म्हणजे तो सदोष अल्बमच होय. दोष पुसला की पुरावाही पुसला जातो.

याचा अर्थ दोषाला गुण म्हणावे असा नव्हे. हा अल्बम थोर आहे तो खर्जाच्या अभावामुळे नव्हे. तो अभाव सोसूनही आहे. ज्या कृतीचा विषय हिरावलेली वाचा हा आहे, तिच्या निर्मितीतच एकाची वाचा हिरावली जावी, आणि ती गोष्ट कर्त्यांच्या ध्यानातही येऊ नये, यात एक कटू सत्य आहे : अन्यायाविरुद्ध गाणारा माणूस गात असतानाच अन्याय करू शकतो. समीक्षकाने या दोन्ही गोष्टी एकदम पाहावयास शिकले पाहिजे. एकीचा उपयोग दुसरी झाकण्यासाठी केला की, एक तर पूजा होते किंवा खटला होतो. समीक्षा होत नाही.

ध्वनिमुद्रिका हा आधुनिक काळातील महत्त्वाचा पाठ आहे, आणि त्याची चिकित्सा करण्याची साधने आपल्या ग्रंथपरंपरेत तयार आहेत. प्रत, पाठभेद, प्रक्षेप, साक्ष, भाष्य हे शब्द येथे तंतोतंत लागू पडतात. आपल्याकडील जुन्या तबकड्या आणि फितीदेखील आज नव्याने संस्कारित होऊन पुन्हा प्रसिद्ध होत आहेत. त्यांतील खरखर काढावी की ठेवावी, मागे पडलेला तबला किंवा सारंगी पुढे आणावी की नाही, हे निर्णय तंत्रज्ञ एकटाच घेत राहिला तर उद्याच्या संशोधकाच्या हाती मूळ काय लागेल? निदान संस्कार करण्यापूर्वीची प्रत जशीच्या तशी जपली जावी, आणि संस्कार केल्याची स्पष्ट नोंद नव्या प्रतीवर असावी, एवढा आग्रह तरी विद्यापीठीय अभ्यासकांनी धरावयास हवा.